कांगॉची लढाई

कोल्हापूर शहरातील राजारामपुरीपासून काही कोसांवर वडगाव हे गाव आहे. तेथे १२ ऑगस्ट १९०६ रोजी शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म झाला.

त्या काळी हिंदी माणसाने शिपाई व्हावे, फार तर सुभेदार व्हावे. वरच्या अधिकाराची जागा इंग्रजाची, असा सैन्याचा रिवाज होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयाचे दार हिंदी तरुणांस किंचित उघडले. किंचित म्हणावयाचे, कारण वर्षाला अवघ्या दहा जागा त्यांच्या वाट्यास येत. तेथे शिकून थोरात १९२६ साली अधिकारी झाले व पुढे चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत दाखल झाले. हिंदी अधिकाऱ्यांसाठी सरकारने आठ पथके निराळी काढली होती, त्यांतील ही एक. निराळी काढण्याचा हेतू उघड होता. इंग्रज अधिकाऱ्यास हिंदी अधिकाऱ्याचा हुकूम पाळावा लागू नये! हिंदी माणसाला रणांगणावर पलटण चालविता येईल काय, अशी शंका अनेक इंग्रजांच्या मनात होती.

तिचे उत्तर ब्रह्मदेशात मिळाले. १९४२ साली जपानने तो देश जिंकला होता. १९४५ च्या जानेवारीत आराकानच्या किनाऱ्यावरून जपानी फौज माघार घेऊ लागली. तिची वाट कांगॉ या खेड्यावरून जात असे. ती वाट रोखावयाची होती. पण तेथे पोचावे कसे? सभोवार खाड्यांचे जाळे, तिवरांची दाट राने आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. अखेर सैनिकांना नावांतून खाडीमार्गे उतरविण्यात आले. हिंदी आरमाराच्या ‘नर्मदा’ व ‘जमना’ या युद्धनौकांनी तोफांचा मारा करून त्यांना साहाय्य केले. जपानी तोफांचा माराही भयंकर होता.

या लढाईत एक्कावन्नावी ब्रिगेड होती. ब्रिगेड म्हणजे सामान्यतः तीन पलटणींचा समूह. या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते : थिमय्या, सेन आणि थोरात. ‘मेलरोज’ असे नाव दिलेल्या टेकडीवर जपानी सैनिक खंदक खोदून बसले होते. शेवटचा माणूस पडेपर्यंत जागा न सोडणे हा त्यांचा बाणा. थोरातांच्या पंजाबी जवानांनी संगिनी रोखून चढाई केली, हातघाईची झुंज झाली आणि टेकडी हाती आली. किती जवान त्या उतारावर कायमचे राहिले! या लढाईतील पराक्रमाबद्दल तिन्ही नायकांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला.

पुढे १९५३ साली कोरियात सुमारे बावीस हजार युद्धकैद्यांवर पहारा ठेवण्याचे नाजूक काम थोरातांकडे आले. तेथे थिमय्या पुन्हा त्यांच्यासोबत होते. १९६१ साली थोरात लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाले. आपली हकिकत त्यांनी मराठीत लिहिली, ती ‘माझी शिपाईगिरी’ या नावाने.