परदेशी कर्ज आणि मजुराचा रुपया

कर्ज म्हणजे काय, हे जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पेरणीला उचललेले पैसे माल विकल्यावर फेडायचे, हा त्याचा नित्याचा अनुभव. पण तो रुपयांत घेतो व रुपयांतच फेडतो. देशाला मात्र परदेशी कर्ज बहुधा डॉलरमध्ये फेडावे लागते, आणि डॉलर आपल्या टांकसाळीत पडत नाहीत. ते निर्यातीतून वा परदेशी गेलेल्या आपल्या माणसांच्या कमाईतून मिळवावे लागतात.

कर्जाचे डॉलर देशात आले की रिझर्व्ह बँक ते घेऊन त्याबदली रुपये देते. बाजारात पैसा वाढतो. त्यातून धरण, वीज, कारखाना उभा राहून माल वाढला तर ठीक. माल तेवढाच राहिला तर भाव चढतात. पुढे फेडीसाठी डॉलरची मागणी वाढली की रुपया घसरतो.

१९९१ साली हे आपण अनुभवले. परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून कर्ज घ्यावे लागले. त्याच महिन्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. सुमारे २१ रुपयांचा डॉलर २६ रुपयांच्या घरात गेला. म्हणजे शंभर डॉलरचे कर्ज तेवढेच राहिले. पण ते फेडण्यास २,१०० ऐवजी २,६०० रुपये लागू लागले.

खनिज तेल आपण मोठ्या प्रमाणावर आयात करतो. पोटॅश खत तर जवळजवळ सारेच बाहेरून येते. रुपया घसरला की डिझेल, खत व मालवाहतूक महागते, आणि अखेर भाजी-धान्यही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात याच मुळाशी हात घातला होता. रुपयाची खरी किंमत विनिमय दरात नसून तो देशात किती वस्तू विकत घेतो यात आहे, असे त्यांनी मांडले. भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही. म्हणून महागाईचा भार श्रमिकांवर पडतो.

कर्ज घेणे हा दोष नव्हे. बैलजोडीसाठी काढलेले कर्ज बैल फेडतात. मानपानासाठी काढलेले घर बुडवते. देशालाही हाच हिशेब लागू आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, परदेशी कर्जाची बातमी वाचाल तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा : यातून डॉलर मिळवून देणारे काय उभे राहणार? आणि ते न राहिल्यास भुर्दंड कोण सोसणार?