कापूस-एकाधिकार आणि बाजारस्वातंत्र्याचा युक्तिवाद

शेतमालाचा बाजार शासनाने आपल्या हाती घ्यावा की तो खरेदीदार व विक्रेता यांच्यावर सोपवावा, हा वाद महाराष्ट्रात केवळ ग्रंथांतून झालेला नाही. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे राज्यातील कापूस-उत्पादकाने तो प्रत्यक्ष अनुभवला. खानदेशच्या दृष्टीने त्यास विशेष महत्त्व आहे. या प्रदेशाच्या सीमा मध्य प्रदेश व गुजरात या राज्यांना भिडतात, आणि एकाधिकाराची खरी परीक्षा सीमेवरच झाली. ही व्यवस्था कशी घडली, तिच्याविरुद्ध बाजारस्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांनी कोणता युक्तिवाद केला आणि तो न्यायालयाबाहेर का करावा लागला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रथम दोन संज्ञांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘नियमन’ म्हणजे बाजारात खरेदीदार अनेक असावेत, परंतु त्यांच्या वर्तनाचे नियम कायद्याने ठरवावेत. ‘एकाधिकार’ म्हणजे खरेदीदारच एक असावा, आणि तो शासन असावे. महाराष्ट्रात नियमन आधी आले. कापसाच्या जुन्या बाजारांत दलाल व व्यापारी रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. यास हत्ता पद्धत म्हणत. माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा असे, पण त्याच्या मालाचा भाव त्यालाच कळत नसे. त्यावर वजनातील कडता आणि रोखीचा वटाव यांचा भार पडे तो निराळाच. अशा व्यवहारांना आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस-बाजारांचा कायदा झाला. त्याखाली आरंभी स्थापन झालेल्या बाजारांत धुळ्याचा समावेश होतो. पुढे १९३९ च्या व १९६३ च्या कायद्यांनी हेच तत्त्व अन्य शेतमालास लागू केले. उघड लिलाव, प्रमाणित वजन आणि वेळेवर चुकारा ही नियमनाची तीन अंगे होत.

नियमनाने भाव उघड झाला, पण तो पुरेसा मिळेलच याची शाश्वती आली नाही. हंगामाच्या तोंडी सर्वांचा माल एकदम बाजारात यावा, भाव कोसळावा आणि कर्जाच्या तगाद्यामुळे शेतकऱ्याने त्याच भावाने माल विकावा, हे चक्र चालूच राहिले. त्यावर उपाय म्हणून १९७१ साली महाराष्ट्र कच्चा कापूस (खरेदी, प्रक्रिया व पणन) अधिनियम संमत झाला आणि १९७२ च्या हंगामापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. राज्यातील कापूस शासनाच्या यंत्रणेसच विकावयाचा, त्याची प्रतवारी व्हावयाची, सरकी काढून गाठी बांधावयाच्या आणि त्या यंत्रणेनेच विकावयाच्या, अशी ही योजना होती. शेतकऱ्यास हमीभाव मिळे. विक्रीत अधिक उत्पन्न आले तर त्याचा काही भाग अंतिम भावाच्या रूपाने त्याच्याकडे येई व काही भाग भावातील चढउतारांसाठी राखला जाई. आरंभी राज्य सहकारी पणन महासंघाकडे असलेले हे काम १९८४ नंतर कापूस-उत्पादकांच्या स्वतंत्र महासंघाकडे गेले. हेतू उघड होता: व्यापाऱ्याचा नफा शेतकऱ्याच्या घरी जावा.

योजनेचा दोष हेतूत नव्हता, तिच्या रचनेत होता. भारत एक बाजारपेठ आहे, एकाधिकार मात्र एका राज्यापुरता होता. सीमेपलीकडील भाव हमीभावाहून चढा असेल तेव्हा कापूस सेंधवा, बऱ्हाणपूर अशा बाजारपेठांकडे ओढ घेई. परवान्यावाचून तो नेणे हा गुन्हा असल्याने हा प्रवास रात्री व आडवाटेने होई. याउलट, बाहेरचा भाव पडला म्हणजे परराज्यातील कापूसही महाराष्ट्राच्या खरेदी-केंद्रांकडे वळे. परिणामी तेजीत यंत्रणेस माल अपुरा मिळे आणि मंदीत तो अतोनात येई. नफ्याच्या वर्षी विकावयास गाठी कमी आणि तोट्याच्या वर्षी गाठींचा ढीग, असे हे गणित होते. त्यात निवडणुकीच्या हिशेबाने वाढविलेल्या भावांची भर पडून तूट हजारो कोटी रुपयांच्या घरात गेली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहता केंद्रावरील रांगा, प्रतवारीचे वाद व रखडलेले चुकारे ही किंमत होतीच. शिवाय स्वतःच्या शेतातील माल दोन कोसांवरच्या बाजारात नेला म्हणून आरोपी ठरण्याची वेळ त्याच्यावर येई.

येथे घटनेचा प्रश्न उपस्थित होतो. अनुच्छेद १९(१)(छ) प्रत्येक नागरिकास व्यापार करण्याचे स्वातंत्र्य देतो. मग ही बंदी टिकली कशी? याचे उत्तर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आहे. तिने अनुच्छेद १९(६) मध्ये असा खंड घातला की, शासन स्वतः एखादा व्यापार करील आणि नागरिकांना त्यातून पूर्णतः वा अंशतः वगळील, तरी तसा कायदा या स्वातंत्र्याच्या आड येत नाही. १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीने अनुच्छेद ३०५ मध्येही असेच संरक्षण दिले. ओडिशातील तेंदूपानांच्या एकाधिकारासंबंधी अकादसी पाधान खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय आला. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या या निर्णयात एकाधिकाराचे तत्त्व वैध ठरले. मात्र ज्या अभिकर्त्यांना शासनाच्या नावाने स्वतःचा नफा साधता येत होता, त्यांची व्यवस्था न्यायालयाने अमान्य केली.

या निर्णयाचा आशय सूक्ष्म आहे. व्यापार खरोखर शासनच करते काय, हे न्यायालय पाहील. त्या व्यापारात शेतकऱ्याचे हित झाले की अहित, हे पाहणे त्याच्या कक्षेत फारसे येत नाही. त्यामुळे एकाधिकाराच्या विरोधकांपुढे न्यायालयाचा मार्ग अरुंद होता. हक्काची भाषा तेथे थांबत होती. पुढचा युक्तिवाद परिणामांच्या भाषेत, आणि विधिमंडळाला व लोकमताला उद्देशून, करणे भाग होते.

तो शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी केला. शेतकरी संघटनेच्या आंदोलनांतून आरंभी रास्त भावाची मागणी पुढे आली. १९९१ नंतर तिचे रूपांतर बाजारस्वातंत्र्याच्या स्पष्ट पुरस्कारात झाले. ‘उणे सबसिडी’ ही त्यांची मध्यवर्ती संकल्पना होय. शासन शेतकऱ्यास अनुदान देते असे भासते. वस्तुतः निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा व वाहतुकीचे निर्बंध यांनी ते त्याचा भाव जागतिक भावाच्या खाली ठेवते, आणि हा फरक अनुदानाहून मोठा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जागतिक व्यापार करारासाठी भारताने १९८६-८८ या आधारकाळाचे जे हिशेब सादर केले, त्यांतही पीकनिहाय साहाय्य एकूण उणे दाखविले गेले. या संकल्पनेने वादाची मांडणीच पालटली. ‘शासनाने किती द्यावे’ हा प्रश्न मागे पडून ‘शासनाने काय घेऊ नये’ हा प्रश्न पुढे आला.

२००२-०३ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली आणि एकाधिकार व्यवहारतः संपला. तथापि, एवढ्याने बाजारस्वातंत्र्य सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. खानदेशात ‘खेडा खरेदी’ रूढ आहे. व्यापारी दारात येतो, रोख देतो, वाहतुकीचा खर्च वाचतो. पण तेथे लिलाव नसतो, काटा व्यापाऱ्याचा असतो आणि गावात खरेदीदार एकच आला तर निवड नावापुरती उरते. रुमाल गेला, तरी भावाचे अज्ञान पूर्णपणे गेले नाही. दुसऱ्या बाजूने, मार्च २०१२ मध्ये केंद्र शासनाने कापसाच्या निर्यातीवर अकस्मात बंदी घातली, तेव्हा राज्याने दिलेली मोकळीक दिल्लीच्या एका आदेशाने कशी आकुंचित होते, हेही दिसून आले.

अधिकारविभागणीचा हा प्रश्न २०२० च्या कृषी कायद्यांनी पुन्हा ऐरणीवर आणला. ‘बाजार व जत्रा’ हा विषय राज्यसूचीत आहे. समवर्ती सूचीच्या ३३ व्या नोंदीत मात्र कच्चा कापूस व सरकी यांचा व्यापार नावानिशी आला आहे. केंद्राने याच नोंदीचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्या कायद्यांची अंमलबजावणी स्थगित केली व तज्ज्ञ-समिती नेमली. तीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट हे एक सदस्य होते. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदे मागे घेतले गेले आणि घटनात्मक प्रश्न अनिर्णित राहिला.

सारांश, एकाधिकार हा जसा कायद्याने घडविलेला बाजार होता, तसाच मुक्त बाजारही कायद्यानेच घडवावा लागतो. खरा काटा, उघड भाव, वेळेवर चुकारा आणि करारभंगास त्वरित दाद यांवाचून मोकळीक ही बलवंताचीच मोकळीक ठरते. उलटपक्षी, या संरक्षणाच्या मोबदल्यात विक्रेत्याची निवडच काढून घेतली, तर संरक्षणाचे रूपांतर कुंपणात होते. आणि कुंपण ओलांडणारा चोर ठरतो, मग माल त्याचाच का असेना. कोणत्याही पणन-कायद्याची परीक्षा म्हणूनच दोन प्रश्नांनी करावी: शेतकऱ्यास दुसऱ्या ग्राहकाकडे जाता येते काय, आणि तेथे गेल्यावर त्याची फसवणूक झाल्यास त्याला दाद मिळते काय? १९२७ च्या कायद्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधले, १९७१ च्या कायद्याने पहिला प्रश्नच पुसून टाकला. दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी होकार देणारा कायदा घडविणे, हे कार्य अद्याप शिल्लक आहे.