मगनवाडी : एका बागबंगल्याची नव्वद वर्षं

न्यूयॉर्क-लंडनमधल्या ओस पडलेल्या कार्यालयांत घरं, दुकानं बसवण्याची चर्चा करोनानंतर जोरात सुरू झाली. ती वाचताना मला दर वेळी वर्ध्याची मगनवाडी आठवते. एका छताखाली अनेक कामं नांदवण्याचा प्रयोग इथं 1935मध्येच झाला.

मुळात ही जमनालाल बजाजांची बाग आणि बंगला. डिसेंबर 1934मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा बजाजांनी ही जागा संघाला देऊन टाकली. साबरमती आश्रम सांभाळणारे गांधीजींचे पुतणे मगनलाल 1928मध्ये वारले होते. त्यांचं नाव वाडीला मिळालं.

कार्यालय म्हणून घेतलेली जागा नुसतं कार्यालय राहिलीच नाही. संघाचे मंत्री जे. सी. कुमारप्पा हिशेबतपासनीस, पण त्यांच्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर तेलघाणी फिरत होती, हातकागद बनत होता, मधमाश्या पाळल्या जात होत्या. गांधीजी एप्रिल 1936च्या अखेरीस शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले, तोवर इथंच राहत. स्वयंपाकघरात सोयाबीनचे प्रयोग चालायचे. सकाळी इथूनच माणसं जवळच्या सिंदी गावात सफाईला निघायची. राहणं, राबणं, शिकणं आणि पत्रव्यवहार यांत भिंत नव्हती. मला या वाडीचं खरं मोठेपण यातच वाटतं. आधी काम ठरलं, मग खोल्या त्याच्यामागे आल्या.

30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. वस्तू काचेआड मांडून ठेवायच्या, असा हेतू नव्हता. खेड्यातल्या कारागिरानं यावं, सुधारलेलं अवजार पाहावं आणि गावी जाऊन वापरावं, यासाठी ते होतं.

स्वातंत्र्यानंतर संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. पन्नाशीच्या दशकात ग्रामोद्योगांच्या संशोधनाची संस्था इथं आली, ती जमनालालजींच्या नावानं. त्याच परिसरात 2008पासून महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. संग्रहालयही आहे, नैसर्गिक रंगांच्या खादीचं काम आणि विक्रीही आहे.

मधल्या काळात माणसं बदलली, संस्थांची नावं बदलली, पण वाडी कुलूपबंद झाली नाही. कारण तिला एकाच कामाला कधी जुंपलं नव्हतं. रिकाम्या इमारतींचे आराखडे काढणाऱ्यांनी आधी हे पाहावं.

वर्ध्याला येणारे बहुतेक जण थेट सेवाग्राम गाठतात. तिकडे जरूर जा, पण त्याआधी तासभर मगनवाडीत थांबा.