पोटदुखी की सर्पदंश? डॉक्टरांच्या नजरेची तालीम

पावसाळ्याचे दिवस. शेतातल्या खोलीत जमिनीवर झोपलेला तरुण पहाटे पोट धरूनच उठतो. उलट्या होतात, घसा दुखतो. आरोग्य केंद्रात ॲसिडिटीचे इंजेक्शन मिळते. थोड्या वेळाने पापण्या खाली येऊ लागतात, जीभ जड होते, आणि मग डॉक्टरांना संशय येतो तो मण्यार चावल्याचा. हा साप रात्री झोपेत चावतो, वेदना फारशी होत नाही आणि दातांच्या खुणाही अनेकदा सापडत नाहीत. श्वासाचे स्नायू लुळे पडण्याआधी सर्पविषावरची लस आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर मिळाला, तरच रुग्ण वाचण्याची आशा असते.

मण्यारचे विष नसांवर घाला घालते, हे एमबीबीएस झालेल्या प्रत्येकाने वाचलेले असते. अडचण वेगळीच आहे. पुस्तकात धड्याला ‘सर्पदंश’ असे नाव असते. रुग्ण मात्र ‘पोट दुखतंय’ म्हणत येतो. पहिला अंदाज मनात बसला, की विरोधी लक्षणे दिसूनही दिसत नाहीत. चुकीचे किंवा उशिरा झालेले निदान बहुतेक लोकांच्या वाट्याला आयुष्यात एकदा तरी येते, असे अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमीने २०१५च्या अहवालात म्हटले होते.

ही नजर तयार होते ती रुग्ण पाहून. त्या दृष्टीने छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, विद्यार्थ्यांसाठी मोठीच शाळा. १९५६पासून मराठवाड्यातले अवघड रुग्ण इथे येत आले आहेत. पण कोणत्या विद्यार्थ्याला काय पाहायला मिळेल, हे नशिबावरच असते. ज्याची मेडिसिन वॉर्डातली पाळी उन्हाळ्यात आली, त्याला उष्माघात दिसेल. सर्पदंश कदाचित दिसणारच नाही.

इथे ‘अडॅप्टिव्ह ई-लर्निंग’ उपयोगी पडू शकते. ऑनलाइन व्याख्यानांपेक्षा हा प्रकार निराळा आहे. संगणक एकेक रुग्ण समोर ठेवतो आणि निदान विचारतो. उत्तर बरोबर की चूक, किती वेळ लागला, हे तो नोंदवतो. समजा, तापाच्या रुग्णात तुम्ही डेंग्यू ओळखता, पण काखेतली काळी खपली न पाहिल्याने स्क्रब टायफस निसटतो. मग तसा रुग्ण वेगळ्या वयात, वेगळ्या तक्रारीसह, काही दिवसांनी पुन्हा येतो. जे पक्के झाले ते मागे पडते. चांगला शिक्षक हेच करतो. फक्त दीडशे-दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकासाठी करणे त्याला जमत नाही.

फायदा होतो का? कॅनडातील संशोधकांनी २०१९मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. कौशल्यात सुधारणा स्पष्ट दिसली, निव्वळ माहितीच्या बाबतीत तितकी नाही. मला हे स्वाभाविक वाटते. माहिती पुस्तकातूनही मिळते.

मात्र खरी मेख आहे ती रुग्णांच्या साठ्यात. परदेशी चित्रसंचांत त्वचारोगांची छायाचित्रे बहुतांशी गोऱ्या कातडीवरची असतात. तिथे लालभडक दिसणारा चट्टा आपल्याकडे तपकिरी किंवा जांभळट दिसतो. मण्यारही त्या संचांत क्वचितच सापडेल. परदेशी ॲप आणून विद्यार्थ्यांच्या हाती देणे त्यामुळे पुरेसे नाही. घाटीच्या केसपेपरांतून नाव-गाव काढून, वरिष्ठांनी तपासलेले रुग्ण त्यात घालावे लागतील. हे काम किचकट आहे आणि डॉक्टरांच्या रोजच्या ड्युटीत त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागेल. २०१९पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला असल्याने अशा सरावाला जागा आहे. बंधपत्रावर खेड्यात एकट्याने काम करणाऱ्या नव्या डॉक्टरला मृगाच्या आधी रोज दहा मिनिटांचा असा सराव मिळाला, तरी बरेच साधेल.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. पावसाळ्यात पहाटे अचानक पोट दुखू लागले किंवा पापण्या जड झाल्या आणि रात्री जमिनीवर झोपला असाल, तर ते डॉक्टरांना विचारण्याची वाट न पाहता आधी सांगा.