चुन्याची भिंत आणि रंगीत दिवे

मोबाईलवरून रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या पाट्या हसनाबादच्या घरात भिंतीवर चिकटवायच्या, तर भगिनींनो, आधी भिंतीवरून तळहात फिरवा. हात पांढरा झाला, तर चिकटपट्टी चुन्याला चिकटेल, भिंतीला नाही. आणि पाटी रात्री खाली निजलेल्या लेकराच्या अंगावर येईल. अशा भिंतीवर पातळ प्लायवूड स्क्रूने पक्के बसवून त्यावर पाट्या लावाव्यात. त्याआधी जमिनीवर जोडून, पेटवून पाहाव्यात.

एका अडॅप्टरवर किती पाट्या चालतात, ते खोक्यावर वाचा. वरती एकही जोडू नका. बहुतेकींना २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय लागते. घरात ते नसेल, तर साधी बटणाची एलईडी पट्टी घ्यावी, पैसे तरी वाचतील.

अभ्यासाला मात्र पांढराच उजेड ठेवा. लाल उजेडात भूगोलाच्या नकाशातले रंग ओळखू येत नाहीत.