विमानातील शीघ्रगती विद्युत् मोटर : स्थायी चुंबकाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा

पंचगंगेच्या काठी उसाला पाणी देणारी विजेची मोटर साधारणतः मिनिटाला १,४५० किंवा २,९०० फेरे घेते. ती जमिनीवर पक्की बसविलेली असल्यामुळे तिच्या वजनाची चिंता सहसा कोणी करीत नाही. विमानात मात्र यंत्राच्या वजनाइतका उपयुक्त भार कमी होतो. म्हणून विमानाच्या मोटरीचा विचार वजनापासूनच सुरू करावा लागतो.

मोटरीची शक्ती म्हणजे आसाला फिरविणारा जोर व फिरण्याचा वेग यांचा गुणाकार होय. हा जोर मुख्यत्वे रोटरच्या आकारमानावर अवलंबून असतो. तेव्हा लहान मोटरीतून मोठी शक्ती मिळवावयाची, तर वेग वाढविणे भाग पडते. रोटरवर स्थायी चुंबक बसविले असता तेथे तांब्याची वेटोळी लागत नाहीत. समॅरियम-कोबाल्ट व १९८३-८४ च्या सुमारास पुढे आलेले निओडिमियम-लोह-बोरॉन हे चुंबक या कामी विशेष उपयुक्त ठरले आहेत.

परंतु वेग दसपट केला असता केंद्रोत्सारी ताण शंभरपट होतो. समजा, १०० मिलीमीटर व्यासाचा रोटर मिनिटाला ३०,००० फेरे घेत आहे. त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे १५७ मीटर होईल आणि त्यावरील चुंबकाच्या पातळ कड्यात सुमारे १८५ मेगापास्कल ताण निर्माण होईल. भुकटी दाबून व तापवून केलेला निओडिमियम चुंबक साधारण ८० मेगापास्कल ताणालाच तुटतो. दाब मात्र तो याच्या कितीतरी पट सोसतो.

यावरील उपायाचे तत्त्व आपल्या लोहारांस परिचित आहे. बैलगाडीच्या चाकावर तापविलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओतले, की ती आवळते व लाकडी चाक घट्ट दाबून धरते. त्याचप्रमाणे चुंबकांवर निकेलच्या मिश्रधातूचे वेष्टन तापवून चढवितात, किंवा कार्बन तंतूंचे वेष्टन ताणून गुंडाळतात. चुंबक आधीच दाबाखाली असल्याने फिरण्याचा ताण प्रथम तो दाब कमी करण्यात खर्ची पडतो.

तथापि वेष्टन जाड केले, तर चुंबक व स्टेटर यांतील अंतर वाढून क्षेत्र दुर्बल होते. धातूच्या वेष्टनात भोवऱ्यासारखे विद्युत् प्रवाह उत्पन्न होऊन उष्णता निर्माण होते. कार्बनचे वेष्टन उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. निओडिमियम चुंबकाचे चुंबकत्व सुमारे ३१० अंश सेल्सिअसला नाहीसे होते, व त्याच्या बरेच आधी ते क्षीण होऊ लागते. स्टेटरचीही स्थिती अशीच आहे. चार ध्रुवांच्या या मोटरीत प्रवाहाची कंप्रता सेकंदाला १,००० आवर्तने, म्हणजे घरगुती विजेच्या वीसपट असते; म्हणून तिचे पत्रे ०·१ ते ०·२ मिलीमीटर इतके पातळ घ्यावे लागतात. शिवाय दहा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे एक चतुर्थांश उरतो. विरळ हवेने मोटर नीट थंड होत नाही आणि वेटोळ्यांच्या निरोधनाजवळ ठिणगी पडण्याचा धोका वाढतो.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. विमानांच्या मुख्य जनित्रांत बहुधा वेटोळ्यांचा रोटर वापरतात. बिघाड होताच त्याचा प्रवाह तोडून क्षेत्र नष्ट करता येते. स्थायी चुंबकाचे क्षेत्र असे बंद करता येत नाही. एखादे वेटोळे आतल्या आत जोडले गेले, तर रोटर फिरत असेतोवर त्यात प्रवाह वाहतच राहतो व आग लागण्याची भीती असते. म्हणून वेटोळ्यांचे स्वतंत्र गट परस्परांपासून अलग ठेवतात, आणि बिघाडातील प्रवाह नेहमीच्या प्रवाहाहून फारसा वाढू नये अशी त्यांची रचना करतात. त्यामुळे वजन काहीसे वाढते. पण ही वाढ पत्करणेच योग्य होय.

अधिक वेग सदैव हितकारक असतो, असेही नाही. विमानाचा पंखा मंद गतीने फिरतो; शीघ्रगती मोटरीला त्याकरिता दंतचक्रे जोडावी लागतात व त्यांचेही वजन मोजावे लागते. २०२० साली युरोपात प्रमाणपत्र मिळालेल्या ‘व्हेलिस इलेक्ट्रो’ या दोन आसनी विमानात मोटर पंख्याला सरळच जोडलेली आहे. जेथे यंत्रच वेगाने फिरणारे असते, उदाहरणार्थ हवा दाबणारा काँप्रेसर, तेथे शीघ्रगती मोटरीचा लाभ पूर्णपणे पदरात पडतो.

सारांश, ही मोटर केवळ विद्युत्‌शास्त्राचा विषय नव्हे. वेष्टन किती आवळून बसावे याचे माप मिलीमीटरच्या शतांशांत धरावे लागते, व रोटरचा तोल तितक्याच काटेकोरपणे साधावा लागतो. हे काम लेथ व ग्राइंडिंग यंत्रावरचे आहे. ज्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिने घडली, तेथील कारागिरांस या कामाची जात अपरिचित नाही. त्याला चुंबक, उष्णता व सुरक्षितता यांच्या गणिताची जोड देणे, हे विद्यापीठीय संशोधनाचे कार्य होय.