मेणाची चित्रे

मंडळी, आपल्या गोंदियाच्या रानातले आग्या मोहोळ कुणाला ठाऊक नाही? मध पिळला की पोळे आपण टाकून देतो. पण ते मेण चित्राच्या कामाचे आहे. इजिप्तमधील फायूमला इसवी सनाच्या १ ल्या ते ३ ऱ्या शतकांत असल्याच मेणात रंग कालवून माणसांचे चेहरे लाकडी फळ्यांवर काढीत आणि ती फळी मृताच्या मुखावर बसवीत. त्यातले बरेच चेहरे अजून ताजे दिसतात! मेणात पाणी शिरत नाही. शिवाय तिथली वाळू कोरडी.

पोळे पाण्यात उकळून फडक्यातून गाळा. निवले की मेण वर थिजते. (पळसावरची लाख निराळी, ती इथे नको.) मेण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून वाटी चुलीवर नको, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. त्यात गेरूची नाहीतर काजळीची कोरडी पूड घोटा. फळीवर लावताच रंग थिजतो, तेव्हा हात चपळ हवा. शेवटी तापलेली पळी जवळून फिरवली की थर एकजीव होतात.

गुरुजी, वाटी मुलांच्या हाती देऊ नका. मेण कातडीला चिकटून भाजते. पेटलेच, तर पाणी मुळीच ओतू नका, झाकण घाला.